जमीन कुळाची झाली, बांध कोणाचा? : पेण-रोह्याचा खारेपाट आणि आफ्रिकेचा पश्चिम किनारा

मुंबईहून पेणकडे येताना पाताळगंगेवरचा पूल ओलांडला की खारपाडा लागतो. रोह्याहून कुंडलिकेच्या कडेने खाडीकडे निघालात तर यशवंतखार भेटते. त्या तिथे पनवेलजवळचे खारघर आणि मुंबईतले खार स्टेशनही याच जातीचे. आज खारघर म्हटल्यावर डोळ्यांसमोर टॉवर येतात, पण ही सगळी नावे एकाच गोष्टीची साक्ष देतात. इथे एके काळी भरतीचे पाणी येत होते आणि कोणीतरी ते अडवले. कोणी अडवले, कशासाठी, आणि अडवलेले पाणी पुन्हा आत शिरू नये म्हणून दरवर्षी चिखलात कोण उतरले, याची नोंद गावाच्या नावात नसते. ती शोधण्याचा छंद मला गेली पंचवीसेक वर्षे आहे. मी इतिहासाचा पदवीधर नाही. पेणमधल्या एका छापखान्यात खिळे जुळवण्यापासून सुरुवात केली, पुढे संगणकावर अक्षरे लावू लागलो. वाचनाची सवय लागली ती रद्दीत येणाऱ्या पुस्तकांमुळे.

अशाच एका रद्दीच्या गठ्ठ्यात एक इंग्रजी मासिक सापडले. मुखपृष्ठ फाटलेले होते. आतल्या एका पानावर कमरेइतक्या चिखलात उभा असलेला एक माणूस होता. त्याच्या हातात माणसापेक्षा उंच दांड्याचे लाकडी फावडे, मागे तिवरांची रांग आणि पुढे नुकताच रचलेला मातीचा ओला बांध. काळा माणूस, उघडे अंग, खांद्यापर्यंत चिखल. क्षणभर मला वाटले की हा माझा मामाच. चित्राखाली देशाचे नाव होते गिनी-बिसाऊ. मी नकाशात शोधले. आफ्रिकेच्या पश्चिम टोकाला, सेनेगलच्या खाली, आपल्या कोकण विभागापेक्षा थोडासाच मोठा देश.

आफ्रिका म्हटली की आपल्याकडे व्याख्यानांत आणि वर्तमानपत्रांत एक ठरलेली यादी येते. रस्ते नाहीत, पाणी नाही, शाळा नाहीत, जंगले तुटली, आणि मग उपाय म्हणून धरणे, कर्जे, तज्ज्ञ. यादी खोटी नाही. पण त्या चित्राने मला ती उलट्या बाजूने वाचायला लावली. खारेपाटात जन्मलेल्या माणसाला त्यातली एकही ओळ परकी वाटत नाही. आणि त्या चिखलातल्या माणसाकडे जे ज्ञान होते, ते कोणत्याही यादीत नव्हते.

*

आधी आपला खारेपाट. धरमतरची खाडी, अंबा, भोगावती, पाताळगंगा आणि दक्षिणेला कुंडलिका, या सगळ्यांच्या मुखाशी सपाट चिखलपट्टा आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या उधाणाला या किनाऱ्यावर पाणी साडेचार मीटरच्याही वर चढते. म्हणजे बांध नसेल तर वाशी, वडखळ, दादर, रावे, शिर्की या बाजूची कितीतरी शेते महिन्यातून दोनदा समुद्राची होतील. म्हणून बाहेरून खाडीच्या कडेने मोठा बांध घालायचा, ज्याला माझ्या आजोळी बाहेरकाठा म्हणत. आत छोटे बांध आणि मध्ये पाणी काढायला उघाडी. उघाडीची रचना इतकी साधी आहे की ती कोणी शोधून काढली असे विचारावेसेही वाटत नाही. बांधाच्या पोटातून वाट, तिच्या बाहेरच्या तोंडावर वरून टांगलेली लाकडी झडप. भरती आली की बाहेरचे पाणी झडप दाबून बंद करते. ओहोटी लागली की आतले पावसाचे पाणी तिला ढकलून बाहेर पडते. माणूस लागत नाही, इंजिन लागत नाही. बाहेर गाळ साचला, झडप कुजली किंवा कोणी मासे धरण्यासाठी दगड लावून ती उघडी ठेवली, तर मात्र सगळे संपते.

खारट चिखलाची शेती करायची तर मीठ धुवावे लागते, आणि ते काम पाऊस करतो. पेण परिसरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. नवी बंदिस्ती झाली की तीन-चार पावसाळे जमीन धुऊन निघण्याची वाट पाहायची. मग तांबड्या भाताची जात पेरायची, कारण गोऱ्या भाताला ते मीठ सोसत नाही. काळा रत्ता, भुरा रत्ता ही जुनी नावे आता फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडी आणि पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राच्या कागदांत उरली आहेत. याच केंद्राने पुढे पनवेल-१, पनवेल-२ अशा खाऱ्या जमिनीच्या जाती काढल्या. त्या करताना शास्त्रज्ञांनी आधार घेतला तो शेतकऱ्याने शेकडो वर्षे निवडून ठेवलेल्या बियाण्याचा, हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे.

बांधाचा खरा शत्रू समुद्र नाही, खेकडा आहे. तो भोक पाडतो, भोकातून भरतीला पाणी झिरपते, ओहोटीला माती घेऊन जाते. दोन उधाणांत भोकाची नळी होते, नळीची खांड. खांड रुंदावली की मग माणसाच्या हातात काही राहत नाही. लहानपणी मे महिन्यात आजोळी गेलो की मामा बांधावर घेऊन जायचा आणि सांगायचा, “खेकऱ्याचा भोक दिसला का आदी पाय ठेव, मंग हाक मार.” खारेपाटातल्या अभियांत्रिकीचा मी ऐकलेला हा सगळ्यांत नेमका नियम.

हाक मारली की लोक येत, कारण जोळ होती. जोळ म्हणजे बांधाची सामुदायिक राखण. ज्याची जमीन त्या बंदिस्तीत आहे त्या प्रत्येक घरातून माणूस यायचाच. पावसाआधी बांधाला चिखलाचे थर द्यायचे, उधाणाच्या रात्री पाळी करायची, खांड गेली तर गाव गोळा करायचे. जो आला नाही त्याच्याकडून दंड. हे रोमँटिक चित्र नाही. जोळीत भांडणे व्हायची, सधन घर आपल्या जागी गडी पाठवायचे आणि विधवेच्या घरून कोण येणार यावर वाद व्हायचे. पण बांध टिकायचा.

*

ही व्यवस्था किती जुनी? १८८३ साली छापलेल्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये खाजणांच्या दोन जाती सांगितल्या आहेत आणि मला त्या फार महत्त्वाच्या वाटतात. एक शिलोत्री. कोणीतरी पैसेवाला, वजनदार माणूस सरकारकडून कौल घेऊन बंदिस्ती घाली, बाहेरचा बांध राखण्याची जबाबदारी घेई, आणि त्या बदल्यात कुळांकडून सरकारी साऱ्याखेरीज बिघ्यामागे ठरलेले भात घेई. तो शिलोत्रीदार. दुसरी जात कुळारग. तिथे कुळांनीच मिळून बांध घातलेला आणि कुळांनीच तो राखायचा. मोठ्या बंदिस्त्या बऱ्याचशा अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या, म्हणजे पेशवाई-आंग्रेकालातल्या मानल्या जातात. पेण तेव्हा सांकशीच्या मुलुखात होते. तो किल्ला आजही पेणच्या उत्तरेला डोंगरावर आहे, पण ट्रेकिंगवाल्यांखेरीज कोणी तिकडे फिरकत नाही.

मुद्दा असा की हक्क आणि जबाबदारी एकमेकांना बांधलेली होती. शिलोत्रीदार भात घेत होता ते बांधासाठी. कालांतराने भात घेणे चालू राहिले आणि बांध राखणे सुटले, हीही गोष्ट खरी. इंग्रजी अमलात जमीनदार, खोत, सावकार यांचे खाते वाढत गेले. एकोणीसशे तीसच्या दशकात पेणच्या शेजारीच, अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी, त्याचा स्फोट झाला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ मध्ये चरी आणि आसपासच्या २५ गावांतल्या कुळांनी जमीन कसायचीच नाही असा निर्णय घेतला. संप १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षे लोकांनी लाकूडफाटा विकून, मासे धरून, मोलमजुरी करून दिवस काढले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३४ च्या डिसेंबरात चरीला आले होते आणि १९३७ मध्ये त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्याच वर्षी नारायण नागूंनी ‘कृषीवल’ सुरू केले. छापखान्यात काम केलेल्या माणसाला याचे विशेष वाटते. कुळांच्या चळवळीला आपला खिळा, आपली शाई हवी हे त्यांना कळले होते.

चरीच्या संपाबद्दल लिहिताना सगळे जमिनीच्या हक्कापाशी थांबतात. मला पुढचा प्रश्न छळतो. सहा वर्षे शेत पडीक राहिले तेव्हा बांधांचे काय झाले? शेत पडीक ठेवता येते, बांध पडीक ठेवता येत नाही.

१९४८ साली मुंबई प्रांतात दोन कायदे झाले. एक कूळ कायदा, ज्यातून पुढे १ एप्रिल १९५७ या कृषिदिनी कसणारा मालक ठरला. दुसरा खारभूमी कायदा, ज्याने खाजणाच्या बंदिस्तीसाठी मंडळ आणि सरकारी योजना आणल्या. दोन्ही एकाच वर्षी व्हावेत हा योगायोग असेल, पण त्यांचा परिणाम एकमेकांत गुंतलेला आहे. शिलोत्रीदाराचा हक्क गेला, आणि जायलाच हवा होता. पण त्याच्याबरोबर बांध राखण्याचे जे कर्तव्य होते, ते निदान कागदावर, कोणाकडे गेले? काही बंदिस्त्या सरकारी योजनेत आल्या, काही खाजगी राहिल्या. १९७९ मध्ये महाराष्ट्राचा खारभूमी विकास कायदा आला. कार्यालय पेणलाच आहे. जिथे सरकारी योजना आली तिथे लोकांना वाटले, आता बांध सरकारचा, आणि जोळ हळूहळू विरली. सरकारला वाटले, दुरुस्ती निधी आला की करू. खेकडा निधीची वाट पाहत नाही.

गोव्यात हेच झाले. तिथल्या खाजन शेतीचे बांध आणि मानशी गांवकारीच्या देखरेखीत होत्या. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर कुळांच्या संघांकडे ती जबाबदारी आली, आणि मानशीतल्या मासेमारीच्या लिलावाचा पैसा शेतीपेक्षा गोड लागू लागला. झडपा माशांसाठी उघडू लागल्या. जमीनसुधारणा चुकीची होती असे मी म्हणत नाही. माझ्या आईच्या घराला सातबारा मिळाला तो त्याच सुधारणेने. पण बांधाचा सातबारा कोणी काढला नाही.

*

आता तो चिखलातला माणूस. गिनी-बिसाऊचे बालांता आणि शेजारच्या सेनेगलमधल्या कासामान्स भागातले जोला हे लोक तिवरांच्या चिखलात भात पिकवतात. जोलांच्या त्या लांब दांड्याच्या फावड्याला कायेंदो म्हणतात. लाकडी पाते, त्याला लोखंडाची धार. पोर्तुगीज व्यापारी आन्द्रे आल्वारिश द आल्मादा याने १५९४ साली या किनाऱ्याचे वर्णन लिहिले, त्यात भरतीला भिऊन घातलेल्या बांधांची आणि त्याआडच्या भातशेतीची नोंद आहे. म्हणजे शिलोत्रीदारांच्या मोठ्या बंदिस्त्यांच्याही दीड-दोनशे वर्षे आधी. भातही त्यांचा स्वतःचा. आशियातल्या भातापासून वेगळी असलेली आफ्रिकी भाताची जात नायजर नदीच्या काठी माणसाळवली गेली, आशियाई भात तिथे नंतर पोहोचला. भाताचा मक्ता आपल्याकडेच आहे अशी माझी समजूत होती, ती इथे गळाली.

त्यांची उघाडी म्हणजे पोकळ केलेले ताडाच्या जातीचे खोड. ते बांधातून आडवे घालायचे आणि तोंडाला बूच. मीठ धुवायला तिथेही पाऊसच, पण आपल्या निम्म्याच्या आसपास. बालांतांमध्ये बांधाचे काम वयोगटांच्या टोळ्यांवर असे. तरुणांची टोळी येई, ज्याच्या शेतावर काम त्याने भात, मांस, ताडी द्यायची. ही जोळच, फक्त जेवणासकट. (आमच्याकडे चहा आणि तंबाखूवर भागायचे.) या भागातून गुलाम म्हणून अमेरिकेला नेलेल्या माणसांबरोबर बांध घालण्याचे ज्ञानही कॅरोलिनाच्या भातमळ्यांत गेले, असे ज्युडिथ कार्नी यांनी ‘ब्लॅक राइस’ या २००१ च्या पुस्तकात मांडले आहे. सगळे अभ्यासक ते मान्य करत नाहीत. पण भरतीच्या पाण्यात बांध घालायचा अनुभव इंग्लंडातून आलेल्या मळेवाल्यापेक्षा त्याच्या गुलामाला जास्त असणार, हे समजायला खारेपाटाच्या माणसाला पुस्तक लागत नाही.

हा देश पोर्तुगीजांचा होता. कुंडलिकेच्या मुखाशी रेवदंडा आणि समोर कोर्लई, तिथेही १७४० पर्यंत पोर्तुगीजच होते. कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत आजही पोर्तुगीजमिश्रित क्रिओल बोलली जाते. गिनी-बिसाऊच्या बाजारात चालणारी भाषाही पोर्तुगीजमधून निपजलेली क्रिओलच. दोन्हींच्या मुळाशी एकच आरमार. रोह्याची खाडी जिथे समुद्राला मिळते तिथली एक बोली आणि त्या चिखलातल्या माणसाच्या बाजाराची बोली चुलतबहिणी निघाव्यात, हे कळले त्या रात्री मला झोप आली नाही.

अमिल्कार काब्राल या देशाचा स्वातंत्र्यनेता. पण तो आधी कृषितज्ज्ञ होता. लिस्बनमध्ये शिकून तो परतला आणि १९५३ च्या सुमारास वसाहत सरकारसाठी त्याने देशाची शेतीगणना केली. गावोगाव फिरताना त्याला शेतकरी कळला, आणि पुढची चळवळ त्याने त्या ओळखीवर उभी केली. १९६३ ते १९७४ हे युद्धाचे दशक. बॉम्बहल्ल्यांनी आणि माणसे पळाल्याने कितीतरी बांध फुटले. काब्रालचा २० जानेवारी १९७३ रोजी कोनाक्रीत खून झाला. स्वातंत्र्य त्यानंतर आले. मग साठच्या दशकाच्या अखेरीपासून लांबलेला दुष्काळ. पाऊस कमी म्हणजे मीठ धुतले जात नाही. कासामान्स नदीत वरच्या भागातले पाणी मुखाशी असलेल्या समुद्रापेक्षाही खारट होऊ लागले.

यावर जो उपाय झाला तो इथे सांगायलाच हवा, कारण आपल्याकडेही तोच सुचवला जातो. ऐंशीच्या दशकात कासामान्सच्या उपनद्यांवर खारे पाणी अडवणारी दारांची मोठी धरणे बांधली गेली. हेतू चांगला होता. पण तिवरांच्या चिखलात गंधक आणि लोहाचे संयुग असते. ते ओले आणि हवेपासून झाकलेले असेतोवर निरुपद्रवी. पाणी कायमचे तोडले आणि चिखल वाळला की हवेने त्याचे गंधकाम्ल होते. धरणाआतल्या काही जमिनी मिठापासून वाचल्या आणि आंबून गेल्या. तिथला शेतकरी कोरड्या ऋतूत मुद्दाम खारे पाणी शेतात घेतो, त्यामागे तणाबरोबर हेही कारण आहे. अभियंत्याने ते अडाणीपणाचे मानले असणार. समुद्र पूर्ण बाहेर ठेवायचा नसतो, त्याला वेळ नेमून द्यायची असते, एवढी गोष्ट त्या लाकडी बुचाला माहीत होती.

बांध मोडले तसे लोक उंच जमिनीकडे सरकले आणि काजू लावू लागले. आज गिनी-बिसाऊच्या निर्यातीचा जवळपास सगळा भार कच्च्या काजूवर आहे, आणि त्यातला मोठा वाटा आपल्या देशातल्या कारखान्यांत फोडला जातो. काजू विकायचा आणि आशियातून आलेला तांदूळ विकत घ्यायचा. काजूचा भाव पडला की ताट रिकामे.

शिक्षणाचीही एक हकीकत. युद्धकाळात मुक्त केलेल्या भागात काब्रालच्या पक्षाने जंगलात शाळा चालवल्या. स्वातंत्र्यानंतर १९७५ पासून ब्राझीलचे पाउलो फ्रेरे साक्षरतेसाठी तिथे जाऊ लागले. जगातला या विषयातला सगळ्यांत मोठा माणूस. तरी मोहीम फसली, आणि टीकाकारांनी दाखवलेले मुख्य कारण असे की शिकवायची भाषा पोर्तुगीज होती. ती शेतकऱ्याला येत नव्हती आणि चिखलात तिचा उपयोगही नव्हता.

*

परत पेणला येऊ. खांड गेलेल्या शेतात खारे पाणी महिन्यातून दोनदा येते. पहिल्या वर्षी भात जळतो. तिसऱ्या वर्षी तिवराची रोपे दिसतात. दहा वर्षांत जंगल उभे राहते. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवने तोडण्यावर बंदी घातली आणि सप्टेंबर २०१८ च्या निकालात ती पक्की केली. हे निकाल आवश्यक होते. नवी मुंबईच्या बाजूने भराव टाकत येणाऱ्यांना दुसरे काही थोपवू शकले नसते. पण खारेपाटात त्याची एक विचित्र बाजू निघाली. ज्याचा बांध सरकारी दुर्लक्षाने फुटला त्याच्याच शेतात कांदळवन उगवले, आणि आता ते तोडून बांध दुरुस्त करणे हा गुन्हा. सातबाऱ्यावर भातशेती, जागेवर जंगल. भरपाई मागायला गेला तर एक खाते म्हणते जमीन तुमची, दुसरे म्हणते झाडे आमची.

त्यात मजा अशी की बांधाच्या बाहेरचे तिवर बांधाचा रक्षक आहे. लाट त्याच्यात मोडते, बार्जेसच्या वाहतुकीने उठणारे हेलकावेही तोच झेलतो. जुने लोक बाहेरची तिवरे जपत आणि बांधावर उगवलेले रोप उपटत, कारण मुळे बांध फोडतात. झाड कुठे हवे आणि कुठे नको हे ठरवण्याचा अधिकार त्यांच्याकडे होता. आता तो नकाशावरच्या हिरव्या रंगाकडे आहे.

पाण्याची गोष्ट आणखी कडू. पेण तालुक्यातच हेटवणे धरण आहे. त्याचे पाणी नळाने नवी मुंबईच्या वसाहतींना जाते. खाली खारेपाटातल्या बायका उन्हाळ्यात टँकरची वाट बघत उभ्या राहिल्या आहेत, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. या धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांची जमीन विशेष आर्थिक क्षेत्रासाठी घ्यायची ठरली तेव्हा २१ सप्टेंबर २००८ रोजी तिथे जनमत घेतले गेले. शेतकऱ्यांनी जमीन देण्याविरुद्ध मत दिले, आणि पुढे तो प्रकल्प बारगळला. जमीन वाचली. पण पाणी आणि बांध यांचे मत कोणी घेतले नाही, आणि वाचलेल्या जमिनीतली बरीच तरुण पोरे आता हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत गणपती रंगवतात किंवा कंपनीच्या बसची वाट बघतात. मूर्तीचे काम वाईट नाही, त्याने या पट्ट्याला जगवले आहे. फक्त उधाणाच्या रात्री बांधावर कोणी नसते.

रोह्याकडे उलटे. टाटांनी मुळशीचे धरण बांधून पूर्वेला जाणारे पाणी घाटाखाली भिऱ्याला उतरवले. १९२७ पासून तिथे वीज होते. त्या धरणासाठी ज्यांची शेते बुडाली त्या मावळ्यांचा सत्याग्रह सेनापती बापटांमुळे सर्वांना ठाऊक आहे. वीज काढून झालेले पाणी कुंडलिकेत येते, डोलवहालच्या बंधाऱ्यावरून कालव्यात वळते आणि रोहे-माणगावच्या शेतांना दुबार भात देते. म्हणजे रोह्याच्या उन्हाळी भातात मुळशीच्या बुडालेल्या शेतांचा वाटा आहे. आणि तीच नदी धाटावच्या औद्योगिक वसाहतीखालून जाते तेव्हा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत जाऊन बसते. वर गोडे पाणी फुकट, खाली खाडीत निवटी-जिताडा मिळेना. एकाच नदीच्या चाळीस-पन्नास किलोमीटरांत विकासाचे सगळे धडे बसवले आहेत, शिकणारा हवा.

शिकण्यावरून आठवले. दोन वर्षांपूर्वी खारेपाटातल्या एका शाळेत मला गावाच्या इतिहासावर बोलायला बोलावले होते. सातवीच्या मुलांना नाईलची शेती माहीत होती, हॉलंडचे समुद्रात घातलेले बांधही कोणीतरी सांगितले. उघाडी म्हणजे काय, विचारले तर दोन हात वर आले. शाळेच्या खिडकीतून बाहेरकाठा दिसत होता. चूक शिक्षकांची नाही, त्यांची दर काही वर्षांनी बदली होते आणि पुस्तकात जे आहे ते शिकवायचे असते. फ्रेरेंना परकी भाषा आडवी आली. आमची भाषा तर घरचीच आहे, तरी बांध पुस्तकात नाही.

मी धोरणे आखणारा नाही. तरी इतके वाचल्यावर काही गोष्टी मांडाव्याशा वाटतात. खारभूमीसाठी नवी योजना जाहीर होते तेव्हा तीत बांधकामाचा आकडा असतो, राखणीचा नसतो. प्रत्येक बंदिस्तीमागे दरवर्षी पावसाआधीच्या चिखलकामाची मजुरी ठरवून ठेवली तर खांड जाण्याआधीच काम होईल. १९७७ चा रोजगार हमी कायदा याच महाराष्ट्राने केला, आणि मातीचा बांध हे त्याचे अगदी स्वाभाविक काम आहे. जोळ फुकट चालणार नाही. ती चालत होती तेव्हा प्रत्येकाचे पोट त्याच शेतावर होते, आज नाही, म्हणून मजुरी द्यायला हवी आणि कोणते भोक आधी बुजवायचे हे गावाने ठरवायला हवे. बंदिस्तीच्या बाहेरचे तिवर राखायचे आणि आतल्या बुडीत शेताबाबत, ते परत मिळवायचे की जंगल म्हणून सोडून मालकाला मोबदला द्यायचा, हे प्रत्येक ठिकाणी जागेवर उभे राहून ठरवायचे. वीस वर्षे तिवराखाली राहिलेली जमीन घाईने वाळवली तर ती आंबू शकते, हा कासामान्सचा धडा आमच्या अभियंत्यांनी आधी वाचावा. गिनी-बिसाऊच्या माणसांना आमच्याकडून काही हवे असेल तर पनवेलचे बियाणे तपासून पाहता येईल. तिकडे आमचे व्यापारी काजूसाठी जातातच, एखादा बांधवाला गेला तर बिघडणार नाही.

मामा तीन वर्षांपूर्वी गेला. त्याचे शेत ज्या बंदिस्तीत होते तिला खांड जाऊन बराच काळ लोटला आहे. गेल्या मे महिन्यात मी मामेभावाबरोबर तिथे गेलो. ओहोटी होती. बाहेरकाठ्याचे उरलेले तुकडे बेटांसारखे दिसत होते, मध्ये छातीएवढी तिवरे. उघाडीची चौकट अजून उभी आहे. झडप नाही, पण बिजागरीची लोखंडी कडी आहे. मामेभाऊ मूर्तीच्या कारखान्यात जातो, त्याच्या नखांत रंग होता. तो म्हणाला, तलाठ्याकडे सातबारा काढला तर अजून ‘भात’ लिहून येते. आम्ही एका तुकड्यावर चढलो. पायाशी बांगडीएवढे भोक होते. त्याने सवयीने त्यावर पाय ठेवला.